सुरश्रींची जयंती आणि विद्यापीठातली मुलाखत : कोल्हापूरचा प्रवास

शुक्रवार, ११ जुलै

शिवाजी विद्यापीठात संगीत विषयातील एम.ए.च्या प्रवेशासाठी प्रात्यक्षिक आणि मुलाखत सोमवारी, १४ जुलैला होणार असल्याचे कळले, तेव्हा माझे लक्ष प्रथम गेले ते आदल्या दिवसाकडे. १३ जुलै हा जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका सुरश्री केसरबाई केरकरांचा जन्मदिवस. त्यांच्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या, पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या आणि त्यांच्यावर रात्र-रात्र चर्चा करणाऱ्या रसिकांच्या ज्या समूहात मी महाविद्यालयात असल्यापासून आहे, त्याची बैठक यंदा कोल्हापुरातच ठरलेली होती. ज्या माणसांना मी केवळ आवाजाने आणि लिहिण्याच्या पद्धतीने ओळखत होते, त्यांना भेटून दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर बसायचे, असा हा योग होता. एकटीने इतक्या लांब जाण्याबद्दल घरात थोडी काळजी होती, पण कोल्हापूरच्या यजमान काकूंनी आईशी फोनवर बोलून ती दूर केली.

गुरुपौर्णिमा कालच झाली होती. माझ्या गाण्याच्या गुरू असलेल्या बाईंची तालीम ग्वाल्हेर परंपरेची आहे. जयपूर-अत्रौली गायकीचे माझे वेड त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते कधी अडवले नाही. पाया पडले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तिथं जे येतं तेच गा. जे आवडतं ते शिकायला तर चालली आहेस." सोमवारी काय गायचे, याचा माझा निर्णय त्या वाक्याने झाला.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी अकोल्याला पकडली. विदर्भातून खानदेश, मग नगर, पुणे, सातारा असा जवळजवळ सारा महाराष्ट्र ओलांडणारी ही गाडी सावकाश चालते, त्यामुळे वाचनाला वेळ पुष्कळ मिळाला. भुसावळपर्यंत मी बिलावल रागाच्या प्रकारांच्या टिपणांवर नजर फिरवली आणि त्यानंतर कानाला हेडफोन लावून फक्त ऐकत राहिले.

शनिवार, १२ जुलै

जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता आणि पाऊस रिमझिमत होता. सांगलीनंतर मिरज आले. या स्थानकावरून गाडी पुढे जाते तेव्हा गाणाऱ्या माणसाने खिडकीबाहेर पाहू नये, हे शक्य नाही. तंतुवाद्ये घडवणाऱ्या सतारमेकरांचे हे गाव, किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याने पावन झालेले. परतीच्या वाटेवर इथे उतरायचे, असे मी निघतानाच ठरवले होते. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी मागे टाकून गाडीने पंचगंगेचा पूल ओलांडला. नदी मातकट पाण्याने काठोकाठ भरून वाहत होती.

शाहूपुरीतल्या एका साध्या लॉजमध्ये सामान टाकले आणि संध्याकाळी रंकाळ्यावर गेले. समूहातली तरुण मंडळी तिथे भेटणार होती. बेळगावहून एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला होता, फोंड्याहून एक शिक्षिका आल्या होत्या आणि कोल्हापुरातली दोन भावंडे होती, ज्यांच्या आजोबांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या भूर्जीखाँसाहेबांचे गाणे समोर बसून ऐकलेले होते. पावसाची सर आली की आम्ही आडोशाला उभे राहायचो आणि थांबली की पुन्हा काठाने चालायला लागायचो.

बोलणे अर्थातच तबकड्यांचे निघाले आणि त्यातला मुख्य विषय होता वेगाचा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या तेवढ्याच वेगाने ध्वनिमुद्रित झालेल्या असतात, असे नाही. वाजवताना वेग किंचित वाढला तर आवाजाची पट्टी, म्हणजे स्वराची उंची, चढते, लयही वाढते, आणि आवाजाचा पोतही पातळ होतो. आज इंटरनेटवर केसरबाईंची एकच तबकडी वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकायला मिळते ती यामुळेच. बेळगावच्या मित्राने गौड मल्हाराच्या तबकडीच्या तीन प्रती फोनवर एकामागून एक ऐकवल्या. तिन्हींत केसरबाई वेगळ्या वाटल्या. एकीत तर आवाजाचे ते भरीव, खर्जाकडे झुकणारे वजन जवळजवळ नाहीसे झाले होते. ज्याने केवळ तीच प्रत ऐकली असेल, त्याने केसरबाई ऐकल्या असे म्हणता येईल का, हा त्याचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. आपण ज्याला गायिकेची शैली म्हणतो, त्यातला काही भाग तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचाही असू शकतो, हे विद्यार्थ्याने सदैव ध्यानात ठेवायला हवे.

रात्री भावंडांनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेले. समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. दुसऱ्या दिवसापासून गळा जपायचा असल्याने बाकी काही न खाता मी लवकर परतले.

रविवार, १३ जुलै

सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला गेले. रविवार असल्याने रांग मोठी होती. मंडपातल्या काळ्या दगडी खांबांमधून पुढे सरकताना माझ्या मनात होते ते या देवीपुढे झालेले गाणे. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरातच राहिले आणि त्यांनी देवीपुढे गायनसेवा केली. मूळचे राजस्थानातल्या उनियाऱ्याचे हे घराणे १८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे आले, आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले तरी गाण्याचे मूळ इथल्या मातीत राहिले. गायक मल्लिकार्जुन मन्सूर आधी भूर्जीखाँचे बंधू मंजीखाँ आणि त्यांच्या पश्चात भूर्जीखाँ यांच्याकडे शिकले. गायिका धोंडूताई कुलकर्णींचा जन्म इथला आणि त्यांची भूर्जीखाँकडची तालीमही इथलीच. गायकीला जयपूरचे नाव मिळाले असले, तरी मराठी माणसाच्या कानात ती रुजली ती या शहरामुळे, असे माझे ठाम मत आहे.

मंदिरातून चालत खासबागेकडे गेले. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब बाहेरूनच पाहिला. शेजारी संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम चालू होते. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली, १९१५ मध्ये खुली झालेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाली, तीही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. छायाचित्रांत पाहिलेली ती जळकी भिंत समोर पाहताना मन भरून आले. तिथे थांबलेले एक वयस्क गृहस्थ आपणहून म्हणाले, "व्हतंय उभं, ताई. व्हायलाच पायजे." त्यांच्या स्वरात शंका नव्हती.

बैठक शिवाजी पेठेत, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी होती. माडीवरच्या लांबट खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. कोपऱ्यात चावीचा ग्रामोफोन होता, त्याच्याजवळ वेग कमी-जास्त करता येणारे, तबकड्या वाजवायचे विजेवरचे यंत्रही होते आणि भिंतीला टेकवून जवारीदार, म्हणजे घुमत्या नादाच्या, तानपुऱ्यांची जोडी ठेवलेली होती. पुणे, सांगली, बेळगाव, गोवा असे कुठून कुठून आलेले लोक एकमेकांना नावांऐवजी आवडत्या रागांनी ओळखत होते. मला पाहून काकांनी "या, कुकुभ बिलावल आल्या!" असे म्हटले, कारण त्या तबकडीवर मी लिहिलेले लांबलचक टिपण त्यांच्या लक्षात होते.

प्रथम फोंड्याच्या ताईंनी केसरबाईंच्या जन्मगावाविषयी, गोव्यातल्या केरीविषयी, सांगितले. तिथल्या शाळेला आज त्यांचे नाव आहे. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापुरात आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली, आणि १९२१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे विधिपूर्वक शिष्यत्व पत्करले. मैफलीत नाव मिळवण्याच्या वयात त्या पुन्हा पहिल्या स्वरापासून शिकायला बसल्या, आणि ही तालीम १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत चालली. हा तपशील मी अनेकदा वाचला होता, पण दुसऱ्या दिवशी मुलाखत असताना तो ऐकणे वेगळे होते. खाँसाहेबांचीही कथा अशीच आहे. तरुणपणी अमलेटा संस्थानात अतिगायनाने त्यांचा आवाज गेला, आणि तो पूर्वीसारखा परतला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीच्या गुंफणीवर आणि वक्र फिरतीवर उभी असलेली गायकी त्यांनी घडवली.

मग ऐकणे सुरू झाले. या बैठकीचा नियम असा की तबकडी लागली की कुणी बोलायचे नाही, दादही द्यायची नाही, संपल्यावर बोलायचे. प्रत्येक बाजूसाठी पोलादी सुई नवी लावली जाई. नट कामोद रागाची तबकडी लागली. साडेतीन मिनिटांच्या आत राग उभा राहतो, अस्थायी-अंतरा होतो आणि ताना येतात. संपल्यावर समूहातले एक वृद्ध तबलावादक, ज्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात, मला जवळ बसवून म्हणाले, "आता स्वर ऐकायचा नाही. हातावर मात्रा धरायच्या."

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघांनी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजल्या. तेव्हा जे कळले ते मला पुस्तकांतून कळले नव्हते. या गायकीची लय मध्यविलंबित असते आणि ठेका स्पष्ट ऐकू येतो, एवढे माहीत होते. परंतु आलापातला प्रत्येक लहान तुकडा कुठल्या ना कुठल्या मात्रेला धरून उभा आहे, आणि तान संपून मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ) सुरू होतो असे कधी घडतच नाही, तर तानेच्याच ओघात मुखडा आधीपासून दडलेला असतो, हे हाताने मोजल्यावाचून जाणवत नाही. तिसऱ्या खेपेला मी एका तानेनंतर समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत ताठ बसले, तर मास्तर माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "बाळ, सम शोधत बसू नकोस. ती येते." आणि ती आली.

त्यानंतर मैफलीतल्या एका दीर्घ ध्वनिमुद्रणाशी तुलना झाली. केवळ तबकड्या ऐकून जयपूर गायकीचा अभ्यास करणाऱ्याचा एक समज हमखास होतो की हे गाणे घाईचे आहे. घाई केसरबाईंची नाही, तबकडीच्या एका बाजूची आहे. मैफलीत तीच गायिका एका स्वरावर किती निवांत थांबते! या मुद्द्यावर सांगलीच्या एका गृहस्थांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते तबकडीच्या बंधनामुळेच रागाचा अर्क मिळाला आणि शिकणाऱ्याने आधी तोच पाठ करावा. वाद जेवणापर्यंत चालला, आणि खरे सांगायचे तर मला दोन्ही बाजू पटत होत्या.

जेवायला काकूंनी माझ्यासाठी वेगळे वाढले. बाकीच्यांच्या ताटांत तांबडा-पांढरा रस्सा होता, माझ्या ताटात वरण-भात आणि तूप. "तुला उद्या गायचंय न्हवं? मग आज रस्सा न्हाई. उद्या रात्री ये, मी करून ठेवतो," त्या म्हणाल्या.

बैठकीची सांगता भैरवीने झाली. केसरबाईंची ही भैरवी १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत आहे. व्हॉयेजर-२ आधी, २० ऑगस्टला सुटले, व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. माडीवर सगळे ही तबकडी अनेकदा ऐकलेले होते, तरी संपल्यावर बराच वेळ कुणी उठले नाही.

सोमवार, १४ जुलै

पहाटे लॉजच्या खोलीत खालच्या आवाजात खर्ज लावला. केएमटीच्या बसने विद्यापीठात पोहोचले तेव्हा पाऊस थांबला होता. मुख्य इमारतीसमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा धुऊन निघालेला होता. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर विस्तीर्ण आणि झाडांचा आहे. विभागापर्यंत चालत जाताना मनातल्या मनात बंदिश म्हणायला पुरेसा वेळ मिळाला.

माझी पाळी अकराच्या पुढे आली. वेळेला अनुरूप म्हणून, आणि बाईंनी पक्का शिकवलेला म्हणून, मी अल्हैया बिलावल निवडला होता. विलंबित एकतालात ग्वाल्हेरची बंदिश, मग त्रितालात द्रुत. आरोहात गंधार वक्र ठेवत धैवताकडे जाणे आणि अवरोहात दोन धैवतांच्या मध्ये कोमल निषादाचा तो हलका स्पर्श, एवढ्याकडेच लक्ष ठेवले. जयपूरच्या ढंगाचे काहीही ओढून-ताणून आणले नाही.

गाणे झाल्यावर प्रश्न आले. सुरुवातीचे नेहमीचे होते: वादी-संवादी, देवगिरी आणि यमनी बिलावल वेगळे कसे दाखवाल, बंदिशीचा ताल हातावर धरून म्हणा. मग अर्जातला माझा आवडीचा विषय वाचून एका परीक्षकांनी कुकुभ बिलावल काढला. त्यात जयजयवंतीची छाया दाखवण्याचा एक प्रकार आहे आणि झिंझोटीची छाया दाखवण्याचा दुसरा, हे सांगून मी दोन्हींच्या जागा गाऊन दाखवल्या.

यानंतरचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "तुमची तालीम एका घराण्याची आणि ओढ दुसऱ्या घराण्याकडे. ही ओढ तबकड्या ऐकून तयार झाली आहे. तबकडीतून काय शिकता येतं आणि काय येत नाही?"

मी रंकाळ्यावर ऐकलेल्या तीन प्रतींपासून सुरुवात केली. वेग बदलला की पट्टी, लय आणि आवाजाचा पोत कसा बदलतो, म्हणून तबकडीवरून गायिकेच्या आवाजाबद्दल निष्कर्ष काढताना किती सावध राहायला हवे, हे सांगितले. रागाची चौकट, बंदिशीचा उच्चार, मुखड्याची बांधणी आणि तानेचा आकृतिबंध या गोष्टी तबकडीतून घेता येतात. बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, मात्र घेता येत नाही, कारण ती तिथे नसतेच. श्वास कुठे घेतला हे ऐकू येते, पण तो कसा घ्यायचा हे समोर बसलेला गुरूच सांगू शकतो. आणि मात्रेला धरून आलाप करणे मला तबकडीने शिकवले नाही, कालच्या बैठकीतल्या एका तबलावादकांनी माझे बोट धरून शिकवले. परीक्षकांनी त्या बैठकीविषयी आणखी विचारले. कोण लोक जमतात, काय ऐकतात, नोंदी ठेवतात का. मी सांगितले की नोंदी आहेत, परंतु विखुरलेल्या आहेत, आणि विद्यापीठात आले तर त्या एकत्र करून तपासण्याचे काम मला करायचे आहे. आपल्याकडे संगीताचा इतिहास गायकांच्या बाजूने लिहिला गेला. ऐकणाऱ्यांनी जे जपले, मोजले, ताडून पाहिले, त्याला अभ्यासात स्थान मिळायला हवे, असे मी म्हणाले. हे मी मुलाखतीपुरते बोलले नाही.

निवड यादी त्याच आठवड्याच्या अखेरीस लागणार असल्याचे सांगण्यात आले. बाहेर आल्यावर बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारले, "कोमल निषाद किती घेतलास?" आणि उत्तर ऐकून समाधानाने 'हं' म्हटले.

रात्री शिवाजी पेठेत पांढरा रस्सा पोटभर प्यायले.

मंगळवार, १५ जुलै

सकाळच्या पॅसेंजरने मिरजेला आले. सतारमेकरांच्या गल्लीत शिरताच दुतर्फा दुकानांतून भोपळे टांगलेले दिसतात. हे मोठे, कडू भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. ते वाळवून, कापून, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडली जाते. फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेली ही कला आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका कारखान्यात जवारीचे काम चालले होते. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग अगदी थोडा घासायचे, तार छेडायचे, कान लावून ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुती दोरा सरकवून ज्या ठिकाणी नाद फुलला तिथे तो थांबवायचे.

त्यांनी मला पट्टी विचारली. काळी चार सांगितल्यावर त्यांनी बायकी मापाचा एक तानपुरा जुळवून हातात दिला, आणि मी त्यावर अल्हैयाची अस्थायी म्हटली. मग मी सहज विचारले की जुन्या तबकडीचा वेग ठरवायला तानपुऱ्याचा उपयोग होईल का. त्यांनी ते काम केलेले होते. गायिकेची पट्टी ठाऊक असेल तर तानपुरा तिला जुळवून ठेवायचा आणि तबकडीचा षड्ज (सा) त्यात मिसळेपर्यंत वेग बदलत जायचे. मात्र वयानुसार गायकाची पट्टी उतरते, म्हणून तबकडी कोणत्या सालची हे आधी पक्के करायला हवे, असे त्यांनी बजावले. ही दुसरी गोष्ट आमच्या समूहात कुणाच्याही लक्षात आलेली नव्हती.

दुपारी मिरजेच्या फलाटावरच महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. साताऱ्यापर्यंत उजेड होता तोवर मी नट कामोदाची आवर्तने मात्रेमात्रेने वहीत मांडली. एका जागी माझा आणि बेळगावच्या मित्राचा मतभेद कायम आहे: तिसऱ्या तानेनंतर मुखडा बाराव्या मात्रेपासून उचलला आहे असे मला वाटते, तो तेराव्या मात्रेपासून म्हणतो. पान त्याला पाठवले आहे, आणि मास्तरांनाही.